नवं व्हर्जन घ्यायचं की जुन्यावर भागवायचं?

आज आपण मसाले, शिवणकाम किंवा कर्जाचे हप्ते यांवर बोलणार नाही. आज बोलायचंय ते गटाच्या कपाटात कुलूपबंद असलेल्या लॅपटॉपबद्दल, आणि त्या लॅपटॉपपायी येणाऱ्या फोनबद्दल. 'मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर जुनं झालंय.' 'ताई, रिन्यूअल आजच भरलं तर सवलत आहे, उद्या नाही.' 'हे व्हर्जन आता चालणारच नाही, मशीनच बदला.' पर्वती, दांडेकर पूल, बिबवेवाडी, येरवडा, जिथे जिथे आमचं जाणं-येणं आहे तिथल्या गटांत हीच वाक्यं ऐकू येतात. आणि गटाची सचिव बिचारी गोंधळून जाते. नाही म्हणावं तर हिशोब बुडायची भीती, हो म्हणावं तर बायकांनी पै-पै साठवलेला पैसा.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ, कारण फोन करणारे ते मुद्दाम एकात मिसळतात. एक अपडेट आणि दुसरं अपग्रेड. ब्लाउजची शिवण उसवली तर आपण टाके घालतो, ते अपडेट. फॅशन बदलली म्हणून नवा ब्लाउज शिवायला टाकतो, ते अपग्रेड. कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली भोकं बुजवण्यासाठी पाठवलेलं अपडेट बहुतेक वेळा फुकट असतं आणि ते लगेच घ्यायचं असतं. अपग्रेडला पैसे पडतात, आणि त्याचा विचार शांतपणे, बैठकीत करायचा असतो.

फुकटचं अपडेट टाळलं की काय होतं, याचं एक उदाहरण सगळ्या जगाने पाहिलं. विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये बरोबर त्याच भोकातून १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस शिरला. फायली कुलूपबंद करायच्या आणि उघडण्यासाठी खंडणी मागायची, असं त्याचं काम. ब्रिटनमध्ये सरकारी इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती दोन महिने आधीपासून हातात होती. तेव्हा मैत्रिणींनो, 'अपडेट्स आर रेडी' अशी पाटी दिसली की 'नंतर' वर बोट ठेवायची सवय सोडायची. रात्री जेवणं झाल्यावर चार्जर लावून ते चालू करायचं आणि झोपायचं.

आता मोठ्या प्रश्नाकडे येऊ. विंडोज १० हे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या मशीनवर आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. याचा अर्थ त्या दिवशी मशीन बंद पडलं असा नाही. ते तसंच चालू राहतं. फक्त नवी भोकं सापडली तर ती बुजवणारे टाके यायचे थांबतात. आज लगेच काही होत नाही, पण जितके दिवस जातात तितका धोका वाढतो, विशेषतः त्याच मशीनवर बँकेचं काम होत असेल तर.

विंडोज १० वरून विंडोज ११ वर जायला सॉफ्टवेअरचे पैसे पडत नाहीत. ही गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. अडचण मशीनची असते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. शिवाय प्रोसेसर ठरावीक यादीतला लागतो, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा चालतो. आपलं मशीन यात बसतं का, हे कळायला दुकान गाठायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टचंच 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट ॲप आहे. ते उतरवून चालवलं की मिनिटाभरात हो किंवा नाही कळतं. हो आलं, तर फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवायची आणि सरळ फुकट अपग्रेड घ्यायचं. तिथे वाद घालत बसण्यासारखं काही नाही.

आमच्या वस्तीस्तर संघाच्या लॅपटॉपला 'नाही' आलं. तो २०१६ सालचा आहे. दुकानदाराने नव्या लॅपटॉपचा ३८,५०० रुपयांचा अंदाज लिहून दिला, आणि दिवाळीनंतरच्या बैठकीत तो कागद सगळ्यांसमोर आला. एका गटाने हा खर्च उचलावा आणि बाकीच्या गटांनी त्याला वापराचं भाडं द्यावं, असा विषय होता. त्या गटात बारा जणी आहेत आणि प्रत्येकीची महिन्याची बचत २०० रुपये. म्हणजे महिन्याला २,४०० रुपये जमतात. ३८,५०० ला २,४०० ने भागलं तर सोळा महिने येतात. बारा जणींची सोळा महिन्यांची बचत एका लॅपटॉपमध्ये.

पण हिशोब इथेच संपत नाही. गटातला पैसा नुसता पडून नसतो, तो फिरत असतो. त्या गटाचा अंतर्गत कर्जाचा दर महिना दोन टक्के आहे. ३८,५०० रुपये कर्जाऊ फिरत राहिले तर महिन्याला ७७० रुपये व्याज गटाच्याच खात्यात येतं. लॅपटॉप घेतला की हे ७७० रुपयेही दर महिन्याला गेले. शिवाय जून महिना आला की शाळेच्या फीसाठी कर्ज मागणाऱ्या चार-पाच जणी हमखास असतात. त्यांना तेव्हा 'पैसा नाही' म्हणायचं का? भाजीची गाडी लावणारी एक ताई बैठकीत म्हणाली, 'लॅपटॉप नवा असला म्हणून हिशोब गोड लागतो का?' सगळ्या हसल्या, पण मुद्दा चोख होता.

मग आम्ही लॅपटॉपवर प्रत्यक्षात काय काय होतं ते कागदावर लिहून काढलं. बचत आणि कर्जाचा तक्ता. बैठकीचं इतिवृत्त. भीमथडी जत्रेसारखं प्रदर्शन आलं की ऑर्डरी आणि मालाची यादी. पोस्टरचं थोडंफार काम. बँकेत अर्ज पाठवण्यासाठी ईमेल. एवढंच. यातलं एकही काम जुन्या मशीनवर अडलेलं नव्हतं. तक्रार एकच होती, मशीन सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. आणि ही तक्रार सॉफ्टवेअरची नव्हतीच. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. ती काढून एसएसडी बसवली की तेच मशीन धावायला लागतं. खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने अगदी थोडा. टिळक रोडवर किंवा आपल्या भागातल्या दुरुस्तीवाल्याकडे हे काम होतं. फक्त डिस्क बदलण्याआधी सगळ्या फायली दुसरीकडे काढून घ्यायच्या, आणि जुनी डिस्क परत मागून घ्यायची. तिच्यात आपल्या सभासदांची आधार आणि बँक खात्यांची माहिती असते, ती दुकानात सोडून यायची नसते.

राहिला सुरक्षेचा प्रश्न. विंडोज १० घरगुती वापरात असणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत जाहीर केली. ती घ्यायचे तीन मार्ग दिले होते. ३० डॉलर भरायचे, किंवा मायक्रोसॉफ्टच्या बक्षीस योजनेतले १,००० गुण वापरायचे, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून आपल्या सेटिंग्जचा बॅकअप चालू करायचा. या तिसऱ्या मार्गाला एक पैसाही लागत नाही. आम्ही तोच घेतला. दुकानदाराने या तिन्हींपैकी एकाचाही उल्लेख केला नव्हता. तो विकायला बसलाय, त्याला दोष काय द्यायचा. पण विचारायचं काम आपलं.

मुदत संपल्यावर त्या लॅपटॉपवर उबुंटूसारखी फुकट प्रणाली टाकायची आणि तो फक्त टायपिंग व हिशोबाला ठेवायचा, असंही ठरलंय. बँकेचं काम त्यावर करायचं नाही. तोवर दरमहा थोडी रक्कम बाजूला पडत राहील, म्हणजे पुढे मशीन घ्यावंच लागलं तर कुणाचं कर्ज अडणार नाही.

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की या बायका प्रत्येक गोष्टीला नकारच देतात. पैसे मोजून अपग्रेड करणं योग्य ठरलं, असं आमच्याच ओळखीतलं उदाहरण मराठी टायपिंगचं आहे, आणि ते खास पुण्याचं आहे.

संगणकावर मराठी आणण्याचं मोठं काम याच शहरात झालं. १९८८ मध्ये स्थापन झालेली सी-डॅक इथलीच, आणि छापखान्यांत घरोघरी पोचलेली 'श्रीलिपी'ही पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कितीतरी जणींनी या सॉफ्टवेअरवर टायपिंग करून संसार चालवले. पण त्या काळातल्या फॉन्टची एक मेख होती. पडद्यावर मराठी अक्षर दिसायचं, कॉम्प्युटरच्या मनात मात्र ते इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असायचं. तोच फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर नसला की मजकुराचा नुसता चिवडा. युनिकोडने हा घोळ संपवला. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा क्रमांक २३२५. तो पुण्यातही २३२५ आणि फोनवर, लॅपटॉपवर, परदेशातही २३२५. म्हणून तर व्हॉट्सॲपवरचं मराठी सगळ्यांना सारखं दिसतं. आणि युनिकोड टायपिंग विंडोजमध्ये आणि फोनमध्ये आधीपासूनच असतं, त्याला वेगळे पैसे नाहीत.

आमच्या ओळखीची एक ताई लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंकांची पानं लावून देते. तिच्याकडे पेजमेकर होतं. त्याचं शेवटचं, सातवं व्हर्जन २००१ मध्ये आलं आणि त्यानंतर नवं निघालं नाही. पेजमेकरला युनिकोड मराठी समजत नाही. इकडे गिऱ्हाईक मजकूर पाठवतं व्हॉट्सॲपवर, म्हणजे युनिकोडमध्ये. तिला तो आधी कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमध्ये बदलावा लागायचा. त्यात 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' हमखास बिघडायचे, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. मग पुन्हा ओळ न ओळ तपासणं. तिने एक महिनाभर वहीत फक्त या दुरुस्तीचे तास लिहिले. महिन्याअखेर बेरीज केली तेव्हा कामाचे चार पूर्ण दिवस नुसते यात गेलेले दिसले. इथे जुनं सॉफ्टवेअर फुकट नव्हतं, ते दर महिन्याला चार दिवसांची मजुरी खात होतं.

पान लावण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये २०१२ च्या सीएस ६ व्हर्जनपासून मराठी नीट जुळवण्याची सोय आली. पण २०१३ मध्ये अडोबी कंपनीने धोरण बदललं आणि नवी व्हर्जनं एकदाच विकत द्यायचं बंद करून भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाड्याच्या सॉफ्टवेअरला हात घालताना एक गोष्ट नीट वाचा. 'महिन्याचा हप्ता' आणि 'महिन्याचा करार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही योजनांत करार वर्षाचा असतो, हप्ता तेवढा महिन्याचा. मध्येच सोडलं तर दंड लागतो. आपल्या भिशीसारखंच, एकदा नाव घातलं की शेवटापर्यंत भरायचं. या ताईने महिन्याचा दर जास्त असूनही सुट्या महिन्याचा करार घेतला. दिवाळी अंकांचे श्रावण ते आश्विन आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, एवढ्याच काळासाठी. बाकीचे महिने बंद. बाजूला स्क्रायबस हे फुकट सॉफ्टवेअरही ती शिकतेय; छोटी पत्रकं त्यावर होतात म्हणते.

घ्यायच्या आधी तिने एक काम केलं ते फार शहाणपणाचं होतं. ज्या छापखान्याकडे तिच्या फायली जातात, त्याला जाऊन विचारलं, 'तुम्ही काय वापरता? पीडीएफ चालेल का?' तो अजून जुन्याच फॉन्टची फाइल मागत असता तर तिचं नवं सॉफ्टवेअर नुसतं शोभेला राहिलं असतं.

आता हिशोबाच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा नोंदणी असलेल्या प्रत्येकाला हिशोबाचं नवं व्हर्जन घ्यावंच लागलं, कारण कायदाच बदलला. अशा वेळी पर्याय नसतो. पण त्याच धाकाने आज ज्यांना गरज नाही त्यांनाही सॉफ्टवेअर विकलं जातं. आपल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्यांना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. सेवा देणाऱ्यांना ही मर्यादा २० लाख आहे. राज्याबाहेर माल पाठवणं आणि ऑनलाइन पोर्टलवर विकणं यांचे नियम वेगळे आहेत, ते करसल्लागाराला विचारा. पण वस्तीत आणि जत्रेत चटण्या विकणाऱ्या गटाला 'जीएसटीसाठी हे घ्याच' असं कुणी म्हणालं, तर आधी आपली उलाढाल वहीत बघा.

ज्यांच्याकडे टॅली आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. टॅली प्राइमचं कायमचं लायसन्स घेतलेलं असेल तर वार्षिक नूतनीकरण संपलं म्हणून सॉफ्टवेअर बंद पडत नाही. नूतनीकरण असतं ते नव्या व्हर्जनसाठी आणि इंटरनेटवरून चालणाऱ्या सोयींसाठी. भाड्याने घेतलेलं लायसन्स मात्र मुदत संपली की थांबतं. तुमचं कोणतं, ते बिलावर लिहिलेलं असतं. विवरणपत्रं भरणारा अकाउंटंट म्हणाला की नवं व्हर्जन लागेल, तर ते खरं कारण आहे. फोनवरचा अनोळखी आवाज म्हणाला, तर नाही.

पत्रं आणि तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि बचत-कर्जाचा तक्ता त्यात उत्तम होतो. वर्डमध्ये केलेल्या फायली उघडतात, कधी कधी तक्त्याच्या रेघा इकडेतिकडे सरकतात एवढंच. पण बँकेने किंवा एखाद्या योजनेने एक्सेलची बटणंबिटणं असलेली खास फाइल भरायला दिली, तर ती त्यात चालेलच असं नाही. ती आधी उघडून बघा. वर्षातून एकदाच लागत असेल तर तेवढ्यासाठी सायबर कॅफेत जाणं स्वस्त पडतं.

'ऑफिस मी तुम्हाला असंच टाकून देतो' म्हणणाऱ्या दुकानदाराला मात्र हात जोडा. ते चोरीचं असतं. बरोबर काय काय येतं ते कळत नाही, आणि गटाच्या नावाने असलेल्या मशीनवर ते ठेवून उद्या कुणी विचारलं तर उत्तर देणार कोण? अध्यक्ष आणि सचिवच ना?

आणखी एक धोका अलीकडे वाढलाय. व्हॉट्सॲपवर फाइल येते, 'तुमचं बँकेचं ॲप जुनं झालंय, आज रात्री बंद होईल, इथून अपडेट करा.' बँक कधीही व्हॉट्सॲपवरून ॲपची फाइल पाठवत नाही. फोनमधलं कोणतंही ॲप फक्त प्ले स्टोअरमध्ये जाऊन अपडेट करायचं. दाबलं गेलंच आणि पैसे गेले, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि मग बँकेला.

आम्ही आता आमच्या गटांत एक पद्धत ठेवली आहे. विकणाऱ्याला फोनवर हो-नाही काहीच सांगायचं नाही. त्याला म्हणायचं, आमची बैठक पाच तारखेला आहे, तुम्ही लिहून पाठवा. काय पाठवायचं तेही सांगायचं. नव्या व्हर्जनमध्ये असं काय आहे जे आमच्या जुन्यात होत नाही? जुनं कोणत्या तारखेपासून चालायचं थांबेल, आणि हे कंपनीने कुठे जाहीर केलंय? पुढच्या वर्षी किती भरावे लागतील? आमचा जुना प्रिंटर यावर चालेल का? मधेच सोडलं तर आमचा हिशोब आम्हाला एक्सेलमध्ये परत मिळेल का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये माहिती आत जाते सहज, बाहेर काढताना पैसे मागतात.

गेल्या काही महिन्यांत असे सहा-सात फोन आले. लिहून पाठवणारे दोनच निघाले. त्यातल्या एकाचं उत्तर पटलं म्हणून त्याच्याकडून पोस्टरच्या कामासाठी एक छोटं सॉफ्टवेअर महिनाभर वापरायला मागून घेतलंय. येत्या बैठकीत ज्या दोघी ते वापरताहेत त्या सांगतील, मग ठराव होईल.